लांजेवार काकूंचं एक्स्चेंज

आमच्या गल्लीत लांजेवार काकूंना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही. एकदा बोलावलं होतं. वाण म्हणून चहाची प्लास्टिकची गाळणी मिळाली. काकूंनी ती सगळ्यांसमोर उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "याचं मी काय करू?" यजमानीण म्हणाली, असू द्या काकू, माझी आठवण. काकू म्हणाल्या, "तुयी आठवण मले रोजच येते. तुया कुत्रा आमच्या गेटापाशीच बसते ना."

नाव जया, वय या गोष्टीच्या वेळी सदुसष्ट. माहेर भंडाऱ्याकडे, लाखांदूरजवळच्या खेड्यात. बारावी झाल्या झाल्या चिंधू लांजेवारांशी लग्न झालं आणि त्या भिलाईला आल्या. काका तिथल्या स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला कामगार होते. काकूंना प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली आणि तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला दोऱ्या खुपसायचा बोर्ड होता, मग बटणांचा आला, मग सगळंच ऑटोमॅटिक झालं आणि काकूंना चौकशीच्या नंबरावर बसवलं. प्लांटमधले आठशे नंबर त्यांना तोंडपाठ होते. नवऱ्याचा वाढदिवस नव्हता.

एकदा फोन उशिरा जोडला म्हणून एका बड्या साहेबानं त्यांना मूर्ख म्हटलं. काकू म्हणाल्या, "लाइन खराब आहे, साहेब." ती लाइन पुढचे तीन दिवस खराबच राहिली. चौथ्या दिवशी साहेब स्वतः एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला, सॉरी म्हणाला, आणि लाइन सुधारली. हा किस्सा काकू सांगत नाहीत, चिंधूकाका सांगतात, आणि शेवटी जोडतात, "हे रिटायर झाली तसं आठशे लोकायचं काम माया एकट्यावर आलं."

मी मृणाल. काकूंच्या घरापासून दोन घरं सोडून आमचं घर. वरच्या मजल्यावर सासू-सासरे, खाली मी, माझा नवरा प्रशांत आणि आमची समृद्धी. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये समूला ताप आला, ती तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्या डॉक्टरांनी व्हायरल सांगितलं. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून. पाचव्या दिवशी ती श्वास घेताना कण्हायला लागली तेव्हा एक्स-रे काढला. निमोनिया होता आणि उजव्या फुप्फुसाच्या बाहेर पू साठला होता. दुपारपर्यंत ती लहान मुलांच्या आयसीयूत होती. बरगड्यांमधून एक नळी बाहेर आलेली, नळीच्या टोकाला बाटली, आणि बाटलीत काय जमतंय त्याकडे मी आणि प्रशांत आळीपाळीनं बघत होतो.

संध्याकाळपर्यंत बातमी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव अशी फिरली आणि माझा फोन वाजायला लागला.

प्रशांत रोलिंग मिलमध्ये आहे. मिलच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, ही गोष्ट त्या आठवड्यात त्याला फारच सोयीची झाली. त्याचे सगळे नातेवाईक मला फोन करायला लागले, माझे तर करतच होते. आयसीयूत फोनवर बोलायला मनाई. दर वेळी फोन थरथरला की मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जायची आणि समू काचेतून माझ्या पाठीकडे बघत राहायची.

प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून हवी असायची. ताप कधी आला, किती आला, आधी काय खाल्लं होतं, आइस्क्रीम तर नाही ना दिलं. तिसऱ्या दिवसापर्यंत माझं कथन इतकं घोटून झालं होतं की नळीपाशी आल्यावर कुठे थांबायचं तेही मला कळायला लागलं होतं. एका मामानं कुणा बाबाचा अंगारा कुरियरनं पाठवतो म्हटलं. एका चुलतबहिणीनं मोज्यात कांदा ठेवायला सांगितलं. एक जण म्हणाली, "आमच्या शेजारच्या मुलाला सेम हेच झालं होतं," आणि मग, "जाऊ दे, ते नंतर सांगते." प्रत्येक फोनचा शेवट एकच असायचा, "काही लागलं तर सांग हं, संकोच करू नको." मला आंघोळ हवी होती. पण ते कसं सांगणार.

चौथ्या दिवशी दुपारी लांजेवार काकू कॉरिडॉरमध्ये उगवल्या. हातात फळं नाहीत, फुलं नाहीत, साईबाबाचा फोटोही नाही. मी तेव्हा नागपूरच्या मोठ्या मावशीशी बोलत होते. त्या माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहीण. त्या फोनवर हमसून हमसून रडत होत्या आणि मी त्यांना सांगत होते, "रडू नका मावशी, मी आहे ना, तुम्ही पाणी प्या थोडं." मावशी पाणी प्यायल्या. मी फोन ठेवला. काकू तोवर भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"फोन दे," त्या म्हणाल्या.

"कुणाला लावायचाय, काकू?"

"कोणालेच नाई. फोन दे."

"पण का?"

"कावून म्हणजे? पोरगी आत पडून हाये आन् तू इथं म्हातारीले पाणी पाजून राहिली. किती फोन येतात?"

मी मोजले नव्हते. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला, यादी खालीवर सरकवली आणि म्हणाल्या, "काल त्रेसष्ट. इतके तर ब्लास्ट फर्नेस बंद पडली तवाही नोयते आले." मग आपला जुना बटणांचा फोन माझ्या हातात ठेवला. त्यात तीन नंबर होते, प्रशांतचा, चिंधूकाकांचा आणि माझा स्वतःचा, जो आता काकूंकडे होता. "एवढे पुरे. जा आत. मी नऊ ते सहा इथंच बसते, मंग फोन बंद करून घरी नेते."

मी खरंच आत गेले. त्या घडीला कुणी किडनी मागितली असती तर तीही देऊन आत गेले असते.

त्या दिवसापासून आयसीयूच्या बाहेरची डावीकडची दुसरी लोखंडी खुर्ची काकूंची झाली. दारावरचा गार्ड ओमप्रकाश पहिल्या दिवशी म्हणाला, माताजी, एक पेशंट के साथ एक ही अटेंडंट अलाउड है. काकू म्हणाल्या, "मैं अटेंडंट नहीं हूँ, एक्स्चेंज हूँ." ओमप्रकाशनं विचार केला. नियमावलीत एक्स्चेंजबद्दल काही नव्हतं.

समू झोपली की मी दार थोडं उघडं ठेवून ऐकायची.

"नमस्कार. समृद्धीचं एक्स्चेंज."

पलीकडून कुणीतरी मृणाल कुठे आहे म्हणून विचारत असणार.

"मृणाल पोरीजवळ हाये. ताप एकशे एक. नळी चालू. सकाळी अर्धी वाटी खिचडी खाल्ली. पुढची बातमी पाच वाजता."

पलीकडे बराच वेळ काहीतरी चाललं.

"पहिल्यापासूनचं पोरगी घरी आल्यावर. पाच वाजता लावा." आणि फोन बंद.

पण खरी करामत 'काही लागलं तर सांगा' या वाक्यावर होती. ते वाक्य आलं की काकू मांडीवरची समूचीच चित्रकलेची वही उघडायच्या.

"लागते ना. लिहून घ्या. मृणालचे दोन कुर्ते घरून आणायचे, आन् खाली इलॅस्टिकवालं. नाडी नाई. घरची पाण्याची टाकी पाहायची, मोटर लावायले कोणाले सुधच नाई. शाळेत जाऊन मॅडमले सांगायचं. यातलं तुमाले काय देऊ?"

पलीकडून घाईघाईनं काहीतरी सांगितलं जायचं.

"पाहुणे हायेत? बरं. मंग पाहुणे गेल्यावर. नाव काय लिहू?"

नाव लिहू म्हटलं की माणसं घाबरायची. दोन दिवसांत त्रेसष्टचे सव्वीस झाले, आठवड्याच्या शेवटी अकरा. माझी जी आत्येसासू दिवसातून तीनदा फोन करून देव पाण्यात ठेवल्याचं सांगायची, तिला काकूंनी बेडशीटं धुवायला दिली. तिचा फोन पुन्हा आला नाही. देव अजून पाण्यात असतील.

पण गंमत अशी, की ज्याच्याकडून कुणालाच कसली अपेक्षा नव्हती तो कामाला आला. रूपेश माझ्या नणंदेचा नवरा. आमच्या घराण्याचा कायमचा विनोद. हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात त्यानं तीन धंदे उघडले आणि तिन्ही बुडवले, तोंडात कायम गुटखा, लग्नात फोटो काढताना त्याला कडेला उभं करतात म्हणजे कापता येतो. त्यानं फोन केला तेव्हा काकूंनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "बोलिए काकू, करना क्या है."

"मृणाल पाच दिवसांपासून आंघोळली नाई."

तासाभरात रूपेश स्कूटर घेऊन खाली हजर. हॉस्पिटलच्या मागे त्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं घर होतं. त्यांच्या गच्चीवर बाथरूम, गिझर, कडी लागणारं दार. मी वीस मिनिटं गरम पाण्याखाली उभी राहिले आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा रडले. बाहेर आले तर रूपेश रस्त्याकडे तोंड करून थुंकत उभा होता. पुढे रोज सकाळी आठला त्याची स्कूटर यायची. मळके कपडे घेऊन जायचा, धुतलेले आणायचा. त्यानं एकदाही मला विचारलं नाही की झालं कसं.

इकडे नागपुरात आग लागली होती. मोठ्या मावशींना काकूंनी सांगितलं होतं, "तुमची लाइन दिवसातून चारदा लागते, एकदा लावत जा. आन् रडायचं असंल तं आधी रडून घ्या, मंग लावा." मावशींनी सासूबाईंना फोन केला. सासूबाई, म्हणजे वसुंधराबाई, रिटायर्ड ऑफिसरची बायको, आयुष्यात कुणाला 'अगं' म्हणाल्या नाहीत. त्या इस्त्रीची साडी नेसून रिक्षानं हॉस्पिटलला आल्या. मी दाराच्या आत होते, मधे काच होती, पण आवाज येत होता.

"लांजेवारबाई, तुम्ही माझ्या बहिणीचा अपमान केलात. त्या शहात्तर वर्षांच्या आहेत."

"बसा."

"मी बसायला आले नाही. आमच्या घरच्या माणसांशी कुणी बोलायचं ते आम्ही ठरवू."

"बसा तं खरं. खुर्ची सरकारी हाये, मायी नाई."

सासूबाई बसल्या. काकूंनी मांडीवरची वही मिटली. मग त्यांनी अंकुरचं सांगितलं. अंकुर त्यांचा मुलगा, आता हैदराबादला असतो, ब्याण्णव किलोचा आहे. तो चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणून माणसंच यायची. गावाकडून काकांचे मामा आले, सोबत दहा जण, एका जीपमध्ये. पोराला बघायला. त्यांना राहायला क्वार्टर दोन खोल्यांचं.

"अकरा लोकायचा सैपाक केला मी. रोज, दोन वेळा. ते हॉस्पिटलमध्ये जाऊन बसायचे आन् मी घरी भाकरी थापायची. बाराव्या दिवशी अंकुरनं डोये उघडले. आई कुठं म्हणे. त्याच्याजवळ कोण होतं? मामेसासरा. त्याले पाहून पोरगं भ्यालं आन् किंचाळलं. मी तवा वांगे चिरून राहिली होती." काकूंचा आवाज तसाच सपाट, चौकशीच्या नंबरावर सांगावं तसा. "मामेसासरा परत जाताना म्हणे, जया, भाजीत मीठ कमी होतं वं."

सासूबाई बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा स्वभाव तसा लहानपणापासूनच आहे. वडील गेले तेव्हा पण आम्ही सगळे तिलाच सांभाळत होतो."

"मंग तुम्हीच सांभाळा. दोन ते तीन. घरून. रोज." काकूंनी चित्रकलेच्या वहीत लिहूनही घेतलं. सासूबाईंनी रिक्षा बोलावली आणि त्या ड्यूटीवर गेल्या. प्रशांत नंतर म्हणाला, आईला कुणी काम सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

समूचा ताप मात्र उतरत नव्हता. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की नळीनं काम भागत नाही. पू घट्ट झालाय, आतून कॅमेरा घालून साफ करावं लागेल, उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान होते आणि बोलताना माझ्याकडे न बघता पेनाच्या टोपणाकडे बघत होते. प्रशांतनं सह्या केल्या. मी कॉरिडॉरमध्ये आले आणि मला एकाएकी मम्मीशी बोलावंसं वाटलं. माझी मम्मी, गोंदियाची. आणि तेव्हा लक्षात आलं की गेल्या सहा दिवसांत मी तिचा आवाजच ऐकला नाही.

"काकू, मम्मीचा फोन नाही आला?"

"येते ना. रोज सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला. बरोबर टायमावर. तुयी मायच एक शिस्तीची हाये. बातमी ऐकते, हो म्हणते, ठेवते."

"तुम्ही तिला मला जोडून नाही दिलं?"

"तिनं मागितलंच नाई."

"ती कशी मागेल? तुम्ही पहिल्याच दिवशी पाच वाजता लावा म्हणालात ना. तिला कुणी थांब म्हटलं की ती थांबते. तिचं सगळं आयुष्य तसंच गेलंय." माझा आवाज चढला होता. ओमप्रकाश बघायला लागला. "सगळे सारखे नसतात, काकू. माझी आई आहे ती. तिला पण तुम्ही ताप एकशे एक सांगून ठेवून दिलं?"

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चुकलं मायं," त्या म्हणाल्या. "मले आधी विचारायले पायजे होतं."

त्यांनी स्वतः नंबर लावला. पलीकडे मम्मीनं उचलल्यावर काकू म्हणाल्या, "ताई, आज बातमी नाई. पोरगी बोलते तुमची," आणि फोन माझ्याकडे देऊन जिन्यापर्यंत चालत गेल्या, ऐकू येणार नाही इतक्या लांब.

मम्मीनं आधी विचारलं, "तू जेवलीस का?" मी म्हटलं नाही. मग आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. ती फोनवर नुसती होती. मागे तिच्या स्वयंपाकघरात नळ गळत होता, तो मला ऐकू येत होता. शेवटी मी म्हटलं, उद्या ऑपरेशन आहे. ती म्हणाली, "सकाळच्या गाडीनं निघते. त्या बाईंना विचार, आलं तर चालेल का."

"तू येच," मी म्हटलं.

ती आली तेव्हा समूला आत नेलं होतं. काकूंनी उठून आपली खुर्ची मम्मीला दिली आणि स्वतः अडीच तास उभ्या राहिल्या. त्या सकाळी त्यांनी माझा फोन बंदच करून ठेवला होता. चिंधूकाका डबा घेऊन आले आणि बायकोला उभी पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "तब्येत तं बरी हाये ना हिची?"

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी ताप गेला, आणखी पाच दिवसांनी नळी निघाली. समूनं बाटलीला टाटा केला आणि सिस्टरला विचारलं की ती बाटली घरी नेता येईल का. अठराव्या दिवशी आम्ही घरी आलो. काकूंनी फोन परत दिला, वर सांगितलं, "तुया फोनचा रिंगटोन भंगार हाये. बदलून टाकला." मला त्यांना काय द्यावं कळेना. साडी दिली तर गाळणीसारखी उजेडात धरून बघितली असती. म्हणून काही दिलं नाही. त्यांनाही ते बरं वाटलं असावं.

महिन्याभरानं गार्ड ओमप्रकाशचा काकूंना फोन आला. त्याच वॉर्डात नंदिनी नगरची एक बाई होती, सुनिता. तिच्या चार वर्षांच्या मुलाचं, गोलूचं, आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती जिन्यात बसून एका हातानं फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. ओमप्रकाश म्हणाला, माताजी, एक्स्चेंज खाली है क्या. काकू दुसऱ्या दिवशी नऊला तिथे होत्या. मग त्यांची सवयच झाली. कधी दोन आठवडे कुणी नसतं, कधी एकाच वेळी तीन फोन मांडीवर. आता काकू फोन हातात घ्यायच्या आधी प्रत्येक आईला विचारतात, "कोणाचा फोन डायरेक्ट पायजे, ते आधी सांग." गोलू अजून वॉर्डातच होता तेव्हा एक दिवस त्यांनी मला गेटमधूनच सांगितलं, "मंगळवारी मले डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं हाये. तू बसजो. दहाला सुटते मी, तोवर तुले शिकवते."

मी गेले. सुनितानं तिचा फोन माझ्या हातात दिला, पाय ओढत आत गेली आणि दार लागायच्या आत तो वाजला. पलीकडे एक म्हातारा होता, मागे ट्रॅक्टरचा आवाज. म्हणाला, "गोलू कइसे हे बेटी?"

मी सांगितलं की ताप नाही, सकाळी नारळपाणी प्यायला, टाके बरे आहेत. छत्तीसगढी मला तोडकीमोडकीच येते, पण त्याला कळलं. तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. मग त्यानं विचारलं, काम काहीं हे का. मी वही पाहून सांगितलं की सुनिताच्या घरी म्हैस आहे, तिला बघायला कुणी हवंय. म्हातारा म्हणाला, म्हैस मी पहिल्या दिवसापासूनच बघतोय. बरं, म्हणाला, आणि ठेवला.

काकू शेजारी बसून हातातल्या डोळ्याच्या चिठ्ठीनं वारा घेत होत्या.

"तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "लांबलं. पण मधात चूप बसली ते ठीक केलं." मग फोन पुन्हा वाजला. काकूंनी नंबर पाहिला, भुवया चढवल्या आणि तो माझ्या हातातून काढून घेतला. "ही सुनिताची नणंद हाये. हिले मी घेते."